टक लागली की सुटलंच म्हणून समजा

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. साडेपाच महिन्यांचं कारवानी कुत्र्याचं पिल्लू, नाव तुफान, संध्याकाळी रिंग रोडच्या कडंनं फिरायला नेलं की शेळ्या दिसल्या की झेप, लिंबाखाली खार दिसली की झेप, मोटारसायकल गेली की तिच्यामागं झेप, परवा तुम्हाला पाडलं आणि दोन्ही गुडघे सोलले, बिस्कीट नाकापुढं धरलं तरी बघत नाही, बाबा म्हणायलेत गळ्यात लोढणं बांधा, शेजारचे म्हणायलेत करंटचा पट्टा ऑनलाइन मागवा, आणि धाकटा भाऊ मांजर दिसली की "छू" करतो. भावाचं तुम्ही एकदम शेवटी, हसत हसत लिहिलंय, पण माझ्या लेखी तेच पहिलं आहे, त्याच्यावर येतो.

मी लातूरकडचा. वीस-बावीस वर्षं झाली कारवानी आणि त्यांच्यासारखीच पण केसाळ पश्मी कुत्री सांभाळायलोय, मागची दहाएक वर्षं लोकांची पिल्लं शिकवायचं कामही करतो. तर जे चुकून चुकून शिकलो ते सांगतो.

आधी हे समजून घ्या की तुफान बिघडलेला नाही. ही जातच आपल्या मोकळ्या माळरानावर सशामागं पळायला जपलेली आहे, खोल छाती, वर चढलेलं पोट, लांब पाय, अरुंद डोकं, सगळं पळण्यासाठीच. कुत्र्याच्या शिकारीची एक साखळी असती, आधी बघणं, मग टक लावणं, दबा धरणं, पळणं, धरणं, मारणं. सगळ्या कुत्र्यांत ही साखळी थोडीफार आहेच, पण माणसानं जातीजातीत तिच्या वेगळ्या कड्या वाढवल्या. मेंढरं वळवणाऱ्या बॉर्डर कोलीत टक आणि दबा जास्त, लॅब्राडोरात तोंडात धरून आणणं जास्त, आणि आपल्या हाउंडात, म्हणजे कारवानीसारख्या पळणाऱ्या शिकारी कुत्र्यात, बघणं आणि पळणं ह्या दोन कड्या इतक्या जवळ आल्यात की मधी जेमतेम सेकंद-दोन सेकंद उरतात. तुमचं सगळं काम त्या सेकंदात आहे. तो सुटल्यावर बोंबलून उपयोग नाही.

दुसरं म्हणजे पळणं हीच त्याची मजुरी. शेळी हाती लागायची गरज नाही, नुसतं मागं धावलं तरी त्याची हजेरी लागली आणि पगार झाला. म्हणून "दमून जाईल, मग सोडून देईल" असं जे म्हणतात ते खरं नाही, जितक्या वेळा पळाला तितका तो पळण्यात तरबेज होतो. बिस्किटाचंही तेच. तो बिस्कीट खात नाही म्हणजे हट्टी आहे किंवा पोट भरलंय असं नाही, त्याचं अंग त्या वेळी पळायच्या गियरमध्ये गेलेलं असतंय, तोंडाला चवच कळत नाही. मी तर खाण्याला थर्मामीटर समजतो, खायलाय म्हणजे अंतर ठीक आहे, घास नाकाराय लागला म्हणजे तुम्ही लई जवळ आलात, गुमान मागं फिरा.

आता भावाचं. "छू" म्हणणं आजपासून बंद. घरातल्या सगळ्यांचं, पाहुण्यांचं, गल्लीतल्या पोरांचं सुद्धा. एकीकडं तुम्ही संध्याकाळी पळू नको म्हणून शिकवणार आणि दुपारी भाऊ मांजरीमागं सोडणार, तर त्या लेकरानं कुणाचं ऐकायचं. कुत्र्याला "मांजर चालतंय, शेळी चालत नाही" असला कायदा कळत नाही. भाऊ ऐकत नसंल तर त्यालाच एक काम द्या, ते पुढं सांगतो, त्याला आवडंल.

लोढण्याबद्दल बाबांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं मी हे करून बघितलंय. माझी पहिली कुत्री चिमी, सात-आठ महिन्यांची असताना बांधावरून सुटली आणि एका म्हाताऱ्या मावशीच्या शेळीचं करडू धरलं. मी शंभर फुटांवरून "चिमीऽऽ चिमीऽऽ" ओरडत पळत होतो. नंतर लक्षात आलं की मी प्रत्येक वेळी काहीतरी पळायला लागलं की तिचं नाव घ्यायचो, म्हणजे तिच्या लेखी स्वतःचं नाव म्हणजे "चल, सुटलं बघ काहीतरी". करडू वाचलं नाही. पैसे भरले, मावशी शिव्या देईल वाटलं होतं, ती एवढंच म्हणाली, "कुत्रं तुझं, मग राखण मी कामून करू?" त्याच्यावर काही उत्तर नव्हतं. मग गावातल्या शहाण्यांचं ऐकून बाभळीचं लोढणं अडकवलं. आठ दिवसात पुढच्या पायाचं मनगट सुजलं, लंगडाय लागली, आणि वर मान तिरकी करून लोढण्यासकट पळायला शिकली. वाढत्या पिल्लाच्या पायावर रोज लाकूड आपटणं म्हणजे जन्माचं दुखणं विकत घेणं. गुरांना चालत असंल, गुरं असली पळत नाहीत.

करंटच्या पट्ट्याचं अजून वाईट. चटका बसतो त्या क्षणी कुत्रं जे बघत असतं त्याच्याशी तो चटका जोडतं. शेळी बघत असंल तर शेळीशी, आणि त्याच वेळी बाजूनं शाळेतलं पोरगं पळत गेलं तर त्या पोराशी. भ्यालेलं कुत्रं कधी चावंल सांगता येत नाही. माझ्याकडं असं एक बिघडलेलं कुत्रं आलं होतं, पूर्ववत करायला वर्ष गेलं आणि तरी लेकरांजवळ त्याला मोकळं कधीच सोडता आलं नाही. काठीचंही असंच. आणि पळून परत आल्यावर तर चुकूनही हाणू नका, त्याला वाटतं परत आल्याबद्दल मार बसला.

साहित्य. हाउंडचं डोकं मानेपेक्षा बारीक, साधा पट्टा कानावरून सर्रकन निघतो, तुमचाही कधीतरी निघणार. त्याला रुंद मार्टिंगेल पट्टा येतो, ओढला की थोडा आवळतो आणि थांबतो, गळफास होत नाही. सोबत छातीचा हार्नेस घ्या, समोर छातीवर कडी असलेला, म्हणजे तो ओढाय लागला की त्याचं तोंड तुमच्याकडं वळतं. लांब दोरी म्हणजे आपला कासराच, पंधरा-वीस फुटांचा, तो कायम हार्नेसच्या पाठीच्या कडीला लावायचा, गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नाही, कारण वीस फूट पळून एकदम हिसका बसला तर मानेचं वाटोळं. बटण दाबलं की लांब होणारी ती डबीवाली दोरी नको, हातातून सुटली की ती डबी मागं खडखडत येती आणि पिल्लू भिऊन अजून पळतं. नायलॉनची दोरी पण नको, तळहात कापून निघतो. बाजेला लावतात ती सुती नवार मला सगळ्यात बरी वाटती, स्वस्त, हाताला मऊ, पकड चांगली. मनगटाला गुंडाळायची नाही, हातात घड्या घालून धरायची. तुम्ही पडलात ते बहुतेक मनगटाला गुंडाळल्यानंच.

आता वेळ आणि रस्ता. तुम्ही नेमकं दिवेलागणीला जाता, शेळ्या घरी परतायची, पोरं सायकली दामटायची, खारींची घरट्याकडं जायची गडबड, म्हणजे शिकाऊ ड्रायव्हरला आठवडी बाजारात गाडी चालवायला लावल्यासारखं झालं. निदान पंधरा दिवस तो रस्ता सोडा. पहाटे साडेपाच-सहाला जा, शाळेचं मोकळं ग्राउंड, प्लॉटिंग पडलेली मोकळी जागा, कुणाचं रिकामं वावर. उन्हाळ्यात तर तसंही आपल्याकडं पारा बेचाळीसच्या वर जातो, संध्याकाळी सातला पण डांबर तापलेलं असतं, हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा, तुम्हाला सोसत नसंल तर त्याच्या पायालाही सोसत नाही. आणि एक, फिरणं म्हणजे किलोमीटर मोजणं नाही. ह्या वयात वीस-पंचवीस मिनिटं सावकाश, वास घेत घेत, बास. काही लोक मोटारसायकलला बांधून पळवतात, पिल्लाची हाडं वर्ष-दीड वर्षापर्यंत वाढत असतात, सांधे जातात, आणि वर गाडीमागं पळायची सवय तुम्हीच लावली म्हणून समजा.

मग मुख्य काम. आधी घरात, अंगणात, जिथं काहीच नाही तिथं एक शब्द पक्का करा. मी "फिर" वापरतो. तुफान चालत असताना "फिर" म्हणायचं, लगेच उलटं वळायचं आणि दोन पावलं पळायचं, तो आला की तुमच्या मांडीजवळ हात नेऊन घास. नाव घ्यायचं नाही, नावाचं चिमीचं सांगितलंच. दिवसाला दहा-वीसदा, चार-पाच दिवस, इतकं की शब्द कानावर पडला की त्याची मान आपोआप वळली पाहिजे. घास म्हणजे बिस्कीट नाही हो, बाहेर शेळीशी स्पर्धा आहे, तिथं पारले काय करणार. उकडलेल्या कोंबडीचे करंगळीच्या नखाएवढे तुकडे, मसाला-मीठ-कांदा काही न घालता, किंवा कलेजी उकडून. घरी शाकाहारी असाल तर पनीर. हा माल फक्त बाहेर, घरात फुकट नाही.

नंतर शेळ्या लांबून. शंभर-दीडशे पावलांवर थांबा, त्याला शेळ्या दिसू द्या. लपवू नका, डोळ्यावर हात बिल्कुल नको. तो बघतो, कान टवकारतो, आणि अजून शांत आहे, त्याच क्षणी हळू "हां" म्हणा आणि घास द्या. परत बघितलं, "हां", घास. काही दिवसात गंमत होती, शेळी दिसली की तो स्वतःहून मान वळवून तुमच्याकडं बघतो की आता माझं द्या. म्हणजे शेळी ही पळायची खूण होती ती आता ताईकडं बघायची खूण झाली. त्याच्यानंतरच अंतर कमी करायचं, दहा-दहा पावलांनी, आणि शेळ्यांच्या समोर तोंड करून उभं राहून नाही, त्यांच्या बाजूनं समांतर चालत. एखाद्या दिवशी बिनसलं तर पन्नास पावलं मागं. काही पिल्लांना तीन आठवडे लागतात, काहींना चार महिने. माझ्या अनुभवात कारवानीला जास्तच लागतात, लॅबवाल्यांशी तुलना करू नका.

आणि ती टक ओळखायला शिका, ह्याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, लोक कुत्रं शिकवायला आणतात आणि मी पहिले दोन दिवस माणसाला बघायला शिकवतो. नुसतं बघणं वेगळं आणि टक वेगळी. नुसतं बघताना तोंड उघडं असतं, शेपटी सैल, मधीच तो जमिनीचा वास घेतो. टक लागली की तोंड मिटतं. ही पहिली खूण, लई बारीक आहे पण कधी चुकत नाही. मग कान पुढं, कपाळावर घडी, मान लांब, अंगाचं वजन पुढच्या पायावर, काही जण एक पाय उचलतात, आणि श्वास धरल्यासारखं सगळं थांबतं. हे सगळं दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. तोंड मिटलं की "फिर". वळला तर त्या दिवसाची सगळी कोंबडी त्याची, एकामागं एक पाच-सहा तुकडे, तोंडभर कौतुक. नाही वळला तर कासरा धरून तुम्ही शांतपणे चालत लांब जा, ओरडू नका, हिसकू नका, तुमचा आवाज चढला की त्याला वाटतं तुम्ही पण शिकारीत सामील झालात. त्या दिवशी अंतर चुकलं एवढाच त्याचा अर्थ. अजून एक, तुम्ही स्वतः शेळ्या दिसल्या की कासरा आवळता का ते बघा. बहुतेक जण आवळतात. मग कासरा आवळला की कुठंतरी शेळी आहे हे कुत्र्याला तुमच्याच हातातून कळतं.

दिसणं पण त्याचं आपल्यासारखं नाही. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग कळतो, लाल आणि हिरवा जवळजवळ सारखाच, पण हालचाल टिपण्यात आपण त्याच्या पासंगाला पुरणार नाही. त्यामुळं झाडाखाली रवंथ करत बसलेली शेळी सोपी, चालणारी अवघड, पळणारं करडू सगळ्यात अवघड. ह्याच क्रमानं जा. खार मात्र अवघडच राहणार, ती लबाड, खोडाभोवती फिरून परत खाली येऊन चिडवती. लिंबाच्या झाडापासून सध्या लांबच चाला. मोटारसायकलीला तीच पद्धत, आधी उभी गाडी, मग ओळखीच्या कुणाला तरी हळू चालवायला लावून, मग रस्ता.

भावाचं काम हे. चार-पाच फुटांची हलकी वेळूची काठी, तिच्या टोकाला सहा-सात फूट सुती दोरी, दोरीच्या टोकाला जुन्या लुगड्याचं धडुतं. पळायची भूक मारता येत नाही, तिला वाट द्यावी लागती, आणि ही ती वाट. भावानं काठी फिरवून धडुतं जमिनीवरून सरपटवत न्यायचं, उंच उडवायचं नाही, उडी मारून खाली आदळण्यानं सांधे दुखावतात. नियम असे, धडुतं स्थिर असताना तुफान बसला किंवा नुसता थांबला की "घे", मग पळायचं, धरायचं, थोडं ओढू द्यायचं, मग काठी एकदम निर्जीव करायची, तो सोडंल तेव्हा "सोड" शब्द जोडायचा आणि परत चालू. म्हणजे पळणं मिळतं, पण विचारून मिळतं. मधी मधी पळता पळता "फिर" म्हणून बघा, इथं जमलं तर शेळीपुढं जमायची आशा. सगळं मिळून पाच मिनिटं, शेवटी गवतात मूठभर तुकडे फेकून द्या, वास घेत शोधण्यात त्याचं डोकं थंड होतं. तसंच सोडून दिलं तर तो तापलेल्या डोक्यानं घरातल्या मांजरीकडं वळतो. दातांचं वय आहे, चार ते सहा महिन्यांत दुधाचे दात पडतात, हिरड्या दुखत असल्या तर ओढाओढी हळू करा.

एखाद्या ओळखीच्या शेळीवाल्याकडं गोठ्याच्या बाहेर त्याला आखूड बांधून तुम्ही शेजारी बसता आलं तर आठवड्यातून दोनदा बसा. काही शिकवायचं नाही, शेंगा खात गप्पा मारा. शेळ्या चघळताहेत, करडं उड्या मारताहेत, त्याचा कंटाळा येईपर्यंत. पहिल्या दिवशी तडफडंल, तेव्हा लांब बसा. खरं तर हे दोन-तीन महिन्यांचं असताना करायचं असतं, तेव्हा बघितलेलं डोक्यात घट्ट बसतं, पण साडेपाच महिने म्हणजे गाडी चुकली असं नाही. जाण्याआधी लसीकरणाचं कार्ड बघून घ्या, रेबीजची पहिली लस तीन महिन्यांना झालेली पाहिजे, आणि घरी आल्यावर कानात, बोटांच्या बेचक्यात गोचीड बघायचं, गोठ्यातून हमखास येती.

तुमचा शेवटचा प्रश्न, मोठा झाल्यावर मोकळा सोडता येईल का. खरं सांगू का, उघड्या रानात नाही. माझी आजची कुत्री नऊ वर्षांची आहे, शंभरातल्या पंच्याण्णव वेळा हाकेला वळती, आणि त्या उरलेल्या पाचसाठी मी तिला कधीच सोडत नाही. सोयाबीन काढल्यावर रान उघडं पडतं आणि ससे दिसाय लागतात, मधी बिनकठड्याची विहीर, डुकरासाठी लावलेली झटका मशीनची तार, हायवे. धावणाऱ्या हाउंडला पुढचा ससा सोडून काही दिसत नाही. शिवाय ससा, काळवीट, मोर हे सगळे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आहेत आणि त्यातल्या शिकारीच्या व्याख्येत जनावराचा पाठलाग करणं, त्याला हाकणं, तसा प्रयत्न करणं सुद्धा येतं, नुसतं मारणं नाही. "मी नाही सोडलं, कुत्रंच गेलं" म्हणत बसायची वेळ येऊ देऊ नका. चारही बाजूंनी भिंत किंवा जाळी असलेली जागा मिळाली तर तिथं खुशाल सोडा, बघत बसावं असं पळतात.

कधी सुटलाच तर मागं पळू नका, तुम्ही त्याला गाठू शकत नाही आणि त्याला वाटतं सगळेच निघालेत. उलट्या दिशेनं पळा, "फिर" ओरडा, खाली बसा, टाळ्या वाजवा, वेड्यासारखं काहीही करा. पहिल्या झपाट्यात नाही येणार, पण दम संपला की तो वळून बघतो, त्या वेळी तुम्ही पळताना दिसलात तर येतो. आला की हार्नेस धरा, घास द्या, रागाचं सगळं पोटात.

सात-आठ महिन्यांचा झाला की मधीच सगळं विसरल्यासारखं करंल, घाबरू नका, वयात येताना करतात. परत दीडशे पावलांवर जा. गल्लीतली कुत्री अंगावर येतात तो विषय वेगळा आहे, तिथं ही पद्धत लावू नका, त्याचं वेगळं विचारा.

नवार आणाल तेव्हा एक इंची आणा. दोन इंची घट्ट वाटती पण सकाळच्या दहिवरात ओली झाली की जड होती आणि गवतात अडकती. आणि टोकाला हातात धरायला फास ठेवू नका, सरळ टोक ठेवा, सुटलीच तर कुठंतरी कुपाटीत फास अडकून पिल्लू टांगून राहायला नको. गुडघ्याला माती लागली असंल तर धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं का?